३१ मार्चच्या आत

सौर बसवल्यानंतरचं पहिलं बिल पाहून वाटलं, आमची वीज मधेच कुठेतरी गळतेय. मोबाइलवर इन्व्हर्टर महिन्याची निर्मिती साडेतीनशे युनिटच्या आसपास दाखवत होता; बिलावर ‘एक्स्पोर्ट’ जेमतेम सव्वादोनशे. पॅनल बसवून देणाऱ्या मुलाला फोन लावला. तो हसला. “काकू, दिवसा फ्रीज, पंखे, पाण्याची मोटर कशावर चालतात? ते घरातच संपतं. उरेल तेवढंच मीटरमधून बाहेर जातं.”

बाहेर गेलेली वीज आणि बाहेरून आलेली वीज, दोन्ही मोजणारं मीटर म्हणजे नेट मीटर. शेजारणीला दुपारी वाटीभर साखर द्यायची आणि रात्री तिच्याकडून वाटीभर आणायची, तसा हा व्यवहार. भाव मध्ये येतच नाही. युनिटला युनिट. खरा फायदा इथेच आहे, कारण घरगुती दर १०० युनिटच्या पुढे चढतो, ३०० च्या पुढे आणखी चढतो, आणि वजाबाकी होऊन उरलेल्या युनिटांवरच बिल निघतं. तरी ‘शून्य बिल’ ही जाहिरातीतली गोष्ट. स्थिर आकार दर महिन्याला येतोच.

त्याआधीची कागदपत्रं थोडक्यात सांगते. वीजजोडणी सासऱ्यांच्या नावावर होती, ते जाऊन काही वर्षं झालेली. म्हणून आधी नावबदल, मग अर्ज. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, पण पॅनल देशी बनावटीचे सेल असलेले हवेत आणि पैसे यंत्रणा सुरू झाल्यावर खात्यात येतात. आधीची सोय आपली आपण पाहायची.

मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली. सोलापूरचं ऊन, गच्चीवर पाय ठेवता येत नव्हता, आणि घरात पंखा बंद! बाहेरचा पुरवठा थांबला की हा इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो म्हणे. नाहीतर आमच्या गच्चीवरची वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनला झटका बसेल. कारण इतकं रास्त आहे की चिडायलाही जागा उरत नाही. लाइट गेल्यावरही वीज हवी तर बॅटरी आणि तिला चालणारा वेगळा इन्व्हर्टर घ्या; त्याचा खर्च ऐकून आम्ही हातपंखे काढले.

मला सगळ्यात चक्रावून टाकलं ते हिशेबाच्या वर्षानं. दिवाळीनंतर पंखे थांबतात, आकाश स्वच्छ असतं, त्यामुळे बिलावरची शिल्लक दर महिन्याला फुगत गेली. मी मनात मांडे खात होते की हे युनिट एप्रिल-मेमध्ये एसीला वापरू. एप्रिलचं बिल आलं, मागील शिल्लक शून्य. राज्य वीज नियामक आयोगाच्या नियमाप्रमाणे शिल्लक पुढच्या महिन्यात जाते, पण आर्थिक वर्ष ओलांडत नाही. ३१ मार्चला जे उरेल ते वीज कंपनी आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते आणि ती रक्कम बिलात जमा करते. हा दर आपण भरतो त्यापेक्षा कमी. म्हणजे पैसे बुडत नाहीत, पण युनिटाला युनिट ही बरोबरी तिथे संपते, आणि तीही नेमकी उन्हाळ्याच्या तोंडावर. मार्चअखेर हिशेब बंद करणं कागदाला सोयीचं असेल; आमच्याकडच्या उन्हाला नाही. पावसाळा संपल्यावर वर्ष बंद केलं असतं तर थंडीतली कमाई उन्हाळ्यात खाता आली असती, असं आपलं माझं मत.

ते मत ऐकणारं कोणी नाही, म्हणून दुसरी वाट धरली आहे. फेब्रुवारीपासून दुपारचा स्वयंपाक गॅसवरून इंडक्शनवर. शिल्लक स्वस्तात देण्यापेक्षा सिलिंडर वाचलेला बरा. यंदा कुरडयांचा चीकही त्यावरच शिजवायचं ठरवलंय. पातेलं हलेल, घोटताना हात भरून येतील, असं हे म्हणतात. म्हणोत. पातेलं धरायला त्यांनाच उभं करणार आहे.