तंबूतील पहिली रात्र : भंडारदऱ्याच्या काठी

घरातील मंडळी तंबूत राहण्याचा बेत आखतात, तेव्हा आजी-आजोबांचा विषय बहुधा एका वाक्यात संपतो : “तुम्हाला तिथे झेपणार नाही.” हे वाक्य काळजीपोटी येते, परंतु नेमके काय झेपणार नाही, याचा विचार क्वचितच होतो. हिंडत्याफिरत्या ज्येष्ठांना खरी अडचण येते ती दोन गोष्टींची : जमिनीलगतचे अंथरूण आणि अंधारातील स्वच्छतागृहाची वाट. या दोहोंची तजवीज झाली, तर सत्तरी ओलांडल्यावरही चांदण्याखाली एक रात्र काढता येते.

पहिल्या अनुभवासाठी अहिल्यानगर जिल्ह्यातील भंडारदऱ्याचा विचार करावा. प्रवरा नदीवर १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या विल्सन धरणामुळे येथे विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला. त्याच्या काठी ठिकठिकाणी तंबू भाड्याने मिळतात. मुंबई-नाशिक मार्गावरील घोटीहून येथवर गाडीने येता येते. महाराष्ट्रातील सर्वोच्च, १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर याच परिसरात आहे. ते तरुणांनी चढावे. आपल्यासाठी रतनवाडीचे कोरीव दगडी अमृतेश्वर मंदिर आहे, आणि पाण्याकडे पाहत खुर्चीत बसून राहण्याचे सुख आहे.

काजव्यांचा हंगाम पावसाच्या तोंडावर येतो. तेव्हा गर्दी असते, चिखलात पाय घसरण्याचे भय असते. डिसेंबर-जानेवारीत थंडी बोचते. म्हणून प्रथम जाणाऱ्यांनी नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी निवडावा.

तंबू ठरवताना चार प्रश्न विचारावेत. आत ताठ उभे राहता येईल का? खाट मिळेल का? स्वच्छतागृह किती पावलांवर आहे, आणि तेथे कमोड आहे का? मोबाइलला रेंज मिळते का? खाटेवर बसल्यावर पावले जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत. तरच उठणे सुकर होते. खाटेखालून गार हवा खेळते, म्हणून एक गोधडी अंगाखाली अवश्य घालावी. पाय अडकवणाऱ्या स्लीपिंग बॅगेपेक्षा सहज बाजूला सारता येणारी रजई बरी. कानटोपी आणि पायमोजे विसरू नयेत. मात्र नुसत्या मोज्यांनी चालू नये.

उजेड असतानाच स्वच्छतागृहापर्यंत दोनदा चालून यावे. तंबूचे ताणलेले दोर पायांत येतात. त्यांना पांढरे फडके बांधावे. उशाशी विजेरी, चष्मा, पाणी आणि काठी असावी. रात्री उठताना आधी मिनिटभर खाटेच्या कडेला बसावे, मग उभे राहावे. एकदम उठल्यास रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. सोबतीला हाक मारण्यात संकोच नको. पादत्राणे झटकूनच घालावीत, कारण त्यांत विंचू दडून बसतो.

रात्री उठावे लागेल या धास्तीने अनेकजण दिवसभर पाणीच पीत नाहीत. ते अपायकारक आहे. दिवसा पुरेसे प्यावे, संध्याकाळनंतर थोडे कमी करावे. लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी असल्यास तिची वेळ डॉक्टरांना विचारूनच बदलावी. इन्सुलिन उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये. औषधे दोन दिवसांची जादा घ्यावीत.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. ऊब मिळावी म्हणून पेटती किंवा विझत आलेली कोळशाची शेगडी तंबूत कधीही आणू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वासही नसतो. झोपेतच माणूस दगावतो. तंबूची जाळीची खिडकीही थोडी उघडी असू द्यावी.

नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, शस्त्रक्रिया झाली असेल किंवा दम लागत असेल, तर आधी डॉक्टरांची संमती घ्यावी. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचा गोंधळ अनोळखी जागी रात्री वाढू शकतो. त्यांना दिवसाची सहलच सोसते.

काळजीवाहकांनी गाडी रस्त्याकडे तोंड करून लावावी, जवळचे रुग्णालय आधीच विचारून ठेवावे आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक ध्यानात असू द्यावा. मध्यरात्री “मला घरी जायचे आहे” असे ज्येष्ठांनी म्हटले, तर कुरकुर न करता निघावे. ही मुभा आहे हे आधीच सांगून ठेवा. मग कदाचित आजीच पहाटे सर्वांआधी उठून, शाल लपेटून, पाण्यावरचे धुके पाहत बसलेल्या दिसतील.