उभ्या गाडीचे दुखणे

जुन्या विद्यार्थ्याच्या गाडीत बसू नये, असे मध्यंतरी माझे मत झाले होते. ज्याला आपण वर्गात वृत्ते आणि अलंकार शिकवले त्याच्या शेजारी, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर, गुडघे छातीशी घेऊन बसायचे आणि त्याने आपल्याला वेगाचे आकडे सांगायचे! अशा वेळी गुरुत्व टिकवणे मोठे कठीण जाते.

हा माझा विद्यार्थी मराठीच्या तासाला शेवटच्या बाकावर बसत असे. आता चाकणला त्याचा कारखाना आहे. २०२५ सालच्या जानेवारीत, एका रविवारी सकाळी तो आमच्या दाराशी आला तो चक्क इटालियन स्पोर्ट्‌स कार घेऊन. लालभडक रंग, दोनच आसने, आणि इंजिन आपल्या पाठीमागे. गाडी सात वर्षांची होती, पण धावली होती अवघी नऊ हजार किलोमीटर.

"सर, अगदी नव्यासारखी आहे. वापरलीच नाही फारशी!" तो अभिमानाने म्हणाला. "चला, खालापूरला वडा खाऊ आणि जेवायला परत येऊ."

बाबा गॅलरीतल्या खुर्चीतून खाली पाहत होते. मी हात हलवला, त्यांनीही हलवला. त्यांचे वय एकोणऐंशी. दोन वर्षांपूर्वी जिन्यात त्यांचा पाय घसरला. हाड मोडले नाही, पण माझा धीर मोडला. तेव्हापासून मी त्यांची एकेक दगदग काढून घेतली. भाजी घरपोच येऊ लागली, बँकेची कामे मोबाइलवर होऊ लागली, दूध दाराशी आले. "बाबा, तुम्ही आता फक्त आराम करायचा," असे मी बजावले होते. आपण पितृसेवा उत्तम करतो आहोत, अशी माझी खात्री होती.

घाट उतरलो, वडा खाल्ला, आणि परतीच्या वाटेला लागलो. बोरघाटाची चढण सुरू झाली आणि त्या डरकाळ्या फोडणाऱ्या गाडीला एकाएकी ठसका लागला. एकदा, दोनदा, आणि मग ती गप्पच झाली. विद्यार्थ्याने कशीबशी ती डाव्या कडेला आणली. धोक्याचे दिवे लावून आम्ही दोघे कठड्यापलीकडे जाऊन उभे राहिलो. ट्रक अंगावर आल्यासारखे शेजारून जात होते. मघाशी ज्या गाड्यांना आम्ही तुच्छतेने मागे टाकले होते, त्यांतली माणसे आता मान वळवून आमच्याकडे पाहत होती.

घरी उशीर होईल हे कळवायला फोन केला, तो बाबांनीच घेतला.

"चढावर बंद पडली ना? मग पंपच असणार," ते म्हणाले. "ओलं फडकं टाक पंपावर."

मला हसू आले. आमच्याकडे १९८२ सालची प्रीमिअर पद्मिनी होती. तिचा पेट्रोलचा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असे. आत एक रबरी पडदा. इंजिन फिरले की तो खालीवर होई आणि टाकीतले पेट्रोल ओढून आणी. उन्हाळ्यात घाट चढताना पंप तापे, आत पेट्रोलची वाफ होई, आणि वाफ काही पुढे ढकलली जात नसे. मग बाबा गाडी बाजूला घेत, पंपावर ओले फडके टाकत, आई डब्यातली दशमी काढी, आणि अर्ध्या तासाने आम्ही पुढे निघत असू. खंडाळ्याचा घाट माझ्या लेखी अजूनही त्या दशमीच्या वासाचा आहे.

"बाबा, इथे पंप दिसतच नाही. बॉनेट उघडलं तर आत नुसती पिशव्या ठेवायची जागा. पंप म्हणे टाकीत बुडलेला असतो."

पलीकडे क्षणभर शांतता. मग एकदम उत्साहाचा आवाज आला, "टाकीत? म्हणजे त्याची आंघोळ चालूच आहे की! पेट्रोल किती आहे टाकीत?"

काटा तळाला टेकत आला होता. विद्यार्थी ओशाळून म्हणाला, "सर, उभ्याच असणाऱ्या गाडीत टाकी भरून काय करायचं? कधीच भरत नाही मी."

"मग बिचाऱ्याला आंघोळीला पाणीच नाही," बाबांनी निकाल दिला. गेल्या दोन वर्षांत त्यांचा इतका खणखणीत आवाज मी ऐकला नव्हता.

ती गाडी दोरीने ओढून नेता येत नाही. पोट जमिनीला लागते. सपाट पाठीची मालगाडी आली आणि आमचा लाल सिंह तिच्या पाठीवर निजून पुण्याला गेला. आठवड्याने गॅरेजमधून बोलावणे आले. मी निघालो, तर बाबा बूट घालून दारात उभे!

"तो पंप मला बघायचाय."

"बाबा, लांब आहे. दगदग होईल."

"होऊ दे," ते म्हणाले.

गॅरेजचा मिस्त्री तिशीतला, हुशार मुलगा होता. आसनांमागचे पत्रे काढून त्याने पंप बाहेर काढून ठेवला होता. मुठीत मावेल असे नळकांडे. आत विजेची चिमुकली मोटार. ती सदैव पेट्रोलमध्ये बुडालेली असते. पेट्रोल तिच्या अंगातूनच वाहते. तेच तिला थंड ठेवते आणि तेच वंगणाचेही काम करते.

"पेट्रोलमध्ये विजेची मोटार? पेट घेत नाही?" बाबांनी विचारले.

"आत हवाच नसते ना, आजोबा. हवेशिवाय पेटणार कसं?"

बाबांनी पसंतीची मान डोलावली. मग त्यांनी आपला साठा उघडला. फोर्डची १९०८ साली निघालेली मॉडेल टी पंपाशिवायच चाले; टाकी आसनाखाली, पेट्रोल आपल्या वजनाने इंजिनाकडे उतरायचे. त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असले की लोक उभी चढण गाडी उलटी करून, पाठमोरे चढत! मिस्त्री हातातला पाना खाली ठेवून ऐकू लागला. माझ्या वर्गात इतक्या लक्षाने कोणी ऐकल्याचे मला स्मरत नाही.

"असा पंप लाखभर किलोमीटर सहज काढतो," मिस्त्री म्हणाला, "मग हा नऊ हजारांत का गेला? बघा." पंपाच्या गाळणीवर तपकिरी चिकट थर बसला होता, महिनोन्महिने पडून राहिलेल्या पेट्रोलचा तो डिंक. टाकी बहुधा रिकामी, म्हणून आत हवा; हवेत पावसाळ्याची ओल. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि ते ओल शोषून घेते. त्या ओलीने आतले धातू गंजले. कधीतरी गाडी निघाली की गंजलेली, चोंदलेली मोटार जिवाच्या आकांताने ओढायची, आणि तिला थंड करायला पुरेसे पेट्रोलही नसायचे. घाटात तिने हाय खाल्ली.

"म्हणजे झिजून गेला नाही तर?" विद्यार्थ्याने विचारले.

"झिजायला चालवलात कुठे, साहेब? उभा राहून राहून गेला." नवा पंप इटलीहून यायचा होता, आणि त्याची किंमत ऐकून मी मनातल्या मनात माझ्या दोन पगारांची बेरीज केली. "नवा बसवला की दर आठवड्याला चांगली तासभर फिरवा, आणि टाकी भरलेली ठेवा. जपून ठेवलीत तर परत माझ्याकडेच येईल."

विद्यार्थी ते कागदावर लिहून घेत होता. बाबांनी मात्र सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिले.

"ऐकलंस ना, काय म्हणाला तो?"

एवढेच बोलले. मी काहीच उत्तर दिले नाही. त्या तपकिरी थराकडे पाहत राहिलो. दोन वर्षे ती गॅलरीतली खुर्ची, घरपोच भाजी, दाराशी येणारे दूध आणि माझे ते "फक्त आराम करा".

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीची कापडी पिशवी शोधायला मला स्वयंपाकघरातले तीन खण उपसावे लागले. ती बाबांच्या हाती दिली. ते जिना उतरताना मी वरून पाहत होतो. प्रत्येक पायरीला माझी छाती धडधडत होती, ते मी कबूल करतो. कठड्याला धरून, थांबत थांबत ते उतरले. तासाभराने परतले ते थोडे दमलेले होते, आणि पिशवीत मेथीबरोबर दोन नासकी वांगीही होती.

"फसवलं मला त्यानं," बाबा म्हणाले. "उद्या जाऊन विचारतोच."