आबांचा पिवळा पडदा

माझे आजोळ जबलपूरला, सिव्हिल लाइन्समध्ये. आईचे वडील, म्हणजे आमचे आबा, उच्च न्यायालयात वकिली करत. आता वय 78. मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय 1956 पासून जबलपुरात आहे आणि आबांची जवळजवळ 40 वर्षे त्याच इमारतीत गेली. हल्ली ते त्या दिवसांच्या आठवणी संगणकावर लिहितात. रोज सकाळी एक पान, तेही चहाच्या आधी.

या दिवाळीत गेलो तर संगणकावर चादर टाकलेली. आजी म्हणाली, "महिना झाला, हातच लावत नाहीत." आबांना विचारले तर उत्तर आले, "सुचत नाही रे." दोन दिवसांनी आम्ही दोघेच व्हरांड्यात बसलो होतो, तेव्हा त्यांनी खरे सांगितले. पडद्यावर सगळे पिवळे दिसत होते. तीन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, त्याआधीही पांढरे असेच पिवळट दिसायचे. आता डाव्याची पाळी आली, असे त्यांनी धरूनच चालले होते. "आजीला एवढ्यात सांगू नकोस," एवढेच म्हणाले.

मी चादर काढून संगणक सुरू केला. मलाही पिवळेच दिसले! मी तसे सांगितले, पण वकील तो वकीलच. "माझ्या समाधानासाठी बोलतोयस. पुरावा दे."

पुरावा सोपा होता. एक कोरा कागद पडद्याच्या शेजारी धरला. कागद त्यांना पांढरा दिसला, पडदा पिवळा. दोष डोळ्यात असता तर दोन्ही सारखेच पिवळे दिसायला हवे होते. आबांनी कागद हातात घेतला, उलटून पाहिला, परत धरला. मग खुर्ची पुढे ओढून बसले आणि म्हणाले, "चालू दे तुझी उलटतपासणी."

आमच्या संगणक कक्षातले सर एक गोष्ट पक्की करून घेतात: एका वेळी एकच वस्तू बदलायची. दोन बदलल्या तर गुन्हेगार कोण ते कळत नाही. इथे संशयित तीन होते, संगणक, केबल आणि मॉनिटर. मॉनिटरच्या कडेचे बटण दाबले की प्रकाश कमी-जास्त करायचा जो मेन्यू येतो, तो मॉनिटर स्वतःच काढतो. केबलमधून तो येत नाही. त्या मेन्यूतली अक्षरे स्वच्छ पांढरी होती. म्हणजे मॉनिटर निर्दोष. (पडदा पूर्ण काळा असेल तर त्यावर तिरपी बॅटरी मारून पाहावी. अंधूक चित्र दिसले तर चित्र येते आहे, फक्त मागचा दिवा गेला आहे.)

आता केबल. आधी संगणक बंद, मग मॉनिटर बंद, मग दोन्ही प्लग भिंतीतून बाहेर. रेंजवर रायफल आधी खाली करून तपासतात, तसेच हे. केबल निळ्या टोकाची, व्हीजीए. ही पद्धत आयबीएमने 1987 साली आणली. दोन्ही बाजूंचे स्क्रू सोडवले आणि वायर न ओढता टोक धरून सरळ बाहेर काढले. आत 15 पिनांची जागा असते, पाच-पाचच्या तीन रांगा. नववी पिन पुष्कळ केबलमध्ये मुळातच नसते, ती दिसली नाही म्हणून घाबरू नये. पहिली पिन लाल रंगाची, दुसरी हिरव्या, तिसरी निळ्या. आबांच्या केबलची तिसरी पिन आडवी झोपली होती.

रंगपेटीत लाल आणि हिरवा मिसळला की मातकट तपकिरी होतो, पण प्रकाशाचे तसे नाही. लाल आणि हिरवा प्रकाश मिळून पिवळा होतो. निळा आला की पांढरा. निळा वाटेतच अडकला म्हणून आबांचे प्रत्येक पान पिवळे होते. दसऱ्याच्या आधी घराला रंग दिला, तेव्हा कोणीतरी केबल काढून परत दामटून बसवली असणार. तारखा जुळत होत्या.

नवी केबल आणेपर्यंत आबांना धीर नव्हता. माळ्यावरचा जुना, पाठीमागे पोट असलेला मॉनिटर काढू म्हणाले. तो मी काढला नाही. त्यातल्या काचेच्या नळीत पोकळी असते, आपटली तर काचा उडतात, आणि काचेत शिसे असते. रंगीत नळीला 20 हजारांहून जास्त व्होल्टचा दाब लागतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तो आत साठून राहतो. म्हणून असा मॉनिटर हौसेने कधी उघडू नये. दुसऱ्या दिवशी मामा आला तेव्हा दोघांनी मिळून तो उतरवला. वजन सगळे पुढच्या काचेत, म्हणून काच छातीकडे धरून. आजीला मोठा आनंद झाला. 22 मे 1997 च्या पहाटे जबलपुरात भूकंप झाला, तेव्हापासून माळ्यावर जड वस्तू असली की तिला झोप लागत नाही.

जयंती कॉम्प्लेक्समधल्या दुकानदाराने "अब ये कौन लेता है, भैया?" असे म्हणत खालच्या खोक्यातून केबल काढली. ती जोडली आणि पडदा पांढरा झाला. आजी काचेचा स्प्रे घेऊन पुसायला आली, तिला थांबवावे लागले. फवारा खालच्या कडेतून आत उतरतो आणि अमोनियाने पडद्यावरचा थर खराब होतो. पडदा बंद करून मऊ, जेमतेम ओलसर कापडाने, न दाबता पुसला.

आबा मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी तोच कागद घेतला, एकेक डोळा झाकून पाहिला. उजव्याने लख्ख. डाव्याने थोडा मळकट. खूप वेळ काही बोलले नाहीत, मग स्वतःच स्वयंपाकघरात जाऊन आजीला सांगून आले.

रविवारच्या फोनवर कळले की डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण कच्चा. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी बोलावले आहे. आठवणी 61 व्या पानावर आल्या आहेत. त्या पानावर भूकंप आहे, आणि आजी म्हणते की तो तिच्याइतका नीट कोणालाच आठवत नाही.