नानी बिरामी छ

मुलांनो, गुरखा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? रात्री काठी आपटत, शिट्टी वाजवत गल्लीतून फिरणारा पहारेकरी, हो ना? माझ्याही डोळ्यांसमोर तोच यायचा. पण गोरखा हे नेपाळमधल्या डोंगरावरच्या एका गावाचं नाव आहे आणि त्या गावावरूनच हा शब्द आला, हे मला तिथे जायची वेळ आली तेव्हाच कळलं. 2018 च्या नोव्हेंबरात त्या जिल्ह्यात मी आठ दिवस राहून आले. एकटी नव्हे बरं का, सहा मुली घेऊन!

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. म्हणजे दवाखान्यात ज्या ताई तुम्हांला इंजेक्शन देतात, त्यांना ते द्यायला शिकवणारी बाई. तेव्हा रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा.

25 एप्रिल 2015 रोजी नेपाळात मोठा भूकंप झाला. त्याचं केंद्र ह्याच गोरखा जिल्ह्यात होतं. जवळजवळ नऊ हजार माणसं गेली. साडेतीन वर्षांनंतरही कितीतरी घरांवर पत्रेच होते. अशाच एका गावात आरोग्य शिबिर होतं आणि मदतीला आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलींना बोलावलं होतं.

पुण्याहून रेल्वेने गोरखपूर, तिथून बसने सोनौलीची सीमा. भारतीयांना नेपाळात जायला पासपोर्ट लागत नाही. मतदार ओळखपत्र दाखवून आम्ही चालतच पलीकडे गेलो. माझ्या मुली जाम हिरमुसल्या. ‘‘मॅडम, शिक्का नाही, विमान नाही, मग हा परदेश कसला?’’ मी म्हटलं, ‘‘घड्याळं पंधरा मिनिटं पुढे करा, झाला परदेश!’’ खरंच, नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पाव तास पुढे असतं. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात तर चक्क 2075 साल! तिथे विक्रम संवत चालतो ना. आमच्यातल्या एकीने लगेच हिशोब केला, ‘‘म्हणजे मी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी!’’

नारायणगढपासून मुगलिंगपर्यंत त्रिशूली नदी सोबतीला होती. रस्ता असा की पोटातलं ओठांवर यावं, आणि आलंही. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

पण गावात पोचलो, सकाळी धुकं हटलं आणि समोर मनास्लू! आठ हजार एकशे त्रेसष्ट मीटर उंच. दात घासता घासता आम्ही सगळ्या तशाच उभ्या राहिलो, तोंडात फेस आणि हातात ब्रश.

शिबिर गावच्या शाळेत होतं. औषधं द्यायची ती तिथल्या डॉक्टरांनी आणि नर्सेसनी. आमच्या मुलींकडे नाव लिहिणं, वजन करणं, ताप आणि रक्तदाब पाहणं एवढंच काम. दुसऱ्या देशात पाहुणी नर्स स्वतःच्या मनाने गोळी देत नाही, हे मी त्यांना निघायच्या आधीच बजावलं होतं.

आणखी एक गोष्ट मी सांगितली होती, आणि तिथेच माझं चुकलं. मी म्हटलं होतं, ‘‘भाषेची काळजी नको गं, नेपाळी म्हणजे आपल्या मराठीची बहीणच.’’

पहिल्या दोन दिवसांत माझं म्हणणं अगदी खरं वाटलं. अक्षरं आपलीच, देवनागरी. पेशंट म्हणायचा ‘कम्मर दुख्छ’, लगेच कळायचं की कंबर दुखतेय. ‘खोकी’ म्हणजे खोकला. ‘कति’ म्हणजे किती. मुली खुशीत! दुभाषा म्हणून दिलेला शाळेतला मुलगा बिचारा रिकामाच बसायचा. जेवताना मात्र एकदा फसगत झाली. ‘कोदो’चा ढिडो वाढला, तेव्हा आम्हांला वाटलं आपला कोद्रा असेल. खाल्ला तर नाचणी! नेपाळात नाचणीलाच कोदो म्हणतात. आम्ही हसलो आणि विसरून गेलो. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी चार वाजता नोंदणी बंद झाली. डॉक्टर गोरखा बाजारला निघून गेले. आवराआवर चालू असताना एक तरुण बाई धापा टाकत आली आणि म्हणाली, ‘‘दिदी, नानी बिरामी छ. झाडा-पखाला लागेको छ.’’

नोंदणीवर आमची सगळ्यात चुणचुणीत मुलगी होती. ‘बिरामी’ म्हणजे आजारी, ‘झाडा-पखाला’ म्हणजे जुलाब, हे तिने पाठ केलं होतं. आणि नानी? ती तर हिंदी सिनेमा बघणाऱ्या सगळ्यांनाच माहीत, आईची आई! तिने वहीत लिहिलं, ‘आजी, जुलाब, वय अंदाजे 65’, आणि मला विचारलं. मी बघितलं, बाईच्या हातात कुणी नाही, बाहेर थंडी पडायला लागलेली. मी म्हटलं, ‘‘आजींना उद्या सकाळी आणायला सांग. चालवत नसेल तर डोक्यात बसवून आणा म्हणावं.’’ (डोको म्हणजे पाठीवर वाहायची बांबूची टोपली. म्हाताऱ्या माणसांना तीत बसवून आणतात.) मुलीने मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं. बाई काही बोलली नाही, पण गेलीही नाही. पायरीवर बसून राहिली.

दुभाषा मुलगा तेव्हा होता कुठे? आम्हीच त्याला लवकर घरी पाठवला होता.

सुदैवाने गावच्या स्वास्थ्य स्वयंसेविका आपली पिशवी न्यायला परत आल्या. आपल्याकडे आशाताई असतात ना, तशा नेपाळात 1988 पासून ह्या स्वयंसेविका आहेत, पन्नास हजारांच्या वर. त्या बाईशी दोन शब्द बोलल्या मात्र, आणि आमच्याकडे वळून जवळजवळ ओरडल्याच, ‘‘नानी भनेको सानो बच्चा!’’

नेपाळीत नानी म्हणजे तान्हं बाळ.

माझ्या पोटात खड्डा पडला. मोठ्या माणसाला जुलाब झाले तर एक रात्र कदाचित निघते. तान्ह्या बाळाच्या अंगात पाणी असतं किती? काही तासांतच ते कोरडं पडू शकतं.

स्वयंसेविका पुढे, ती आई, मी आणि नोंदणीवरची मुलगी मागे. पाऊण तास नुसता उतार. ती मुलगी वाटेत एक अक्षर बोलली नाही. मीही नाही.

घरात चुलीपाशी आजी धडधाकट बसली होती आणि तिच्या मांडीवर ती नानी, आठ महिन्यांची. डोळे खोल गेलेले. रडत होती, पण डोळ्यांत पाणी नाही. मी पोटाची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडली. ती एरवी लगेच सपाट होते, इथे सावकाश झाली. मग स्वयंसेविकेने चमच्याने पाणी ओठांना लावलं आणि बाळ अधाशासारखं चोखायला लागलं. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. पिऊ शकणारं मूल तोंडाने पाणी देऊन वाचवता येतं. पीतच नसतं तर सलाईन लावावी लागली असती, आणि तिथे ती कुठून आणणार?

स्वयंसेविकेच्या पिशवीत ‘जीवनजल’ची पाकिटं होती. आपल्याकडे ओआरएस म्हणतात तेच. त्यात साखर आणि मीठ ठरलेल्या प्रमाणात असतं. गंमत अशी, की आतड्यात साखर मिठाला हात धरून आत नेते आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. नुसतं पाणी तितकं आत शिरत नाही. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ह्याच मीठसाखरेच्या पाण्यावर हजारो लोकांचे प्राण वाचवले.

बाळाच्या लसीच्या कार्डावर वजन होतं सात किलो. किलोमागे पंचाहत्तर मिलिलिटर, चार तासांत. म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त, चमच्याने मोजलं तर शंभरावर चमचे, दर दोन मिनिटांना एक. मध्ये आई अंगावर पाजत होती. चमचा माझ्या मुलीने कुणालाच दिला नाही. प्रत्येक चमच्याला ती कोळशाने जमिनीवर रेघ मारायची. तेविसाव्या रेघेला बाळाने सगळं ओकून टाकलं. ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, ‘‘दहा मिनिटं थांब. मग पुन्हा सुरू कर, आणखी सावकाश.’’

साडेनऊच्या सुमाराला तिच्या मांडीवर एकदम ऊब पसरली. ती किंचाळली, ‘‘मॅडम, शू!’’ आजीला मराठी येत नव्हतं, पण हे तिला बरोब्बर कळलं. सगळं घर हसायला लागलं. शू झाली म्हणजे शरीरात पाणी पोचलं! आजीने आम्हांला भात आणि गुंद्रुकचा आंबट रस्सा वाढला. ओल्या ड्रेसवरच माझी मुलगी दोनदा मागून जेवली.

त्या रात्री आम्ही तिथेच राहिलो. सकाळी स्वयंसेविकेने बाळाला आणि आईला आरोग्य चौकीत नेलं, तिथून जस्ताच्या गोळ्या मिळाल्या.

शाळेत परत आल्यावर पहिलं काम म्हणजे दुभाष्या मुलाला बोलावून मधल्या खुर्चीवर बसवलं. मग मुलीने नोंदवही उघडली. ‘आजी’ आणि ‘65’ ह्यांवर तिने सरळ रेघ मारली, खाडाखोड न करता, शिकवलंय तशी, आणि शेजारी लिहिलं, ‘बाळ, मुलगी, वय 8 महिने’. दुरुस्तीखाली सही करायची असते. तिने केली आणि वही मिटायला लागली. मी तिच्या हातातून पेन घेतलं आणि तिच्या सहीखाली माझीही सही केली.