एक असता दुसरा कशाला?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील एक कारभारी सायंकाळच्या वेळी ओसरीवर येऊन बसले. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली आणि बराच वेळ पिकापाण्याचे बोलत राहिले. माणूस पिकापाण्याविषयी गरजेपेक्षा अधिक बोलू लागला, की त्याच्या मनात दुसरेच काही आहे, हे खेड्यातील धर्मगुरूस सांगावे लागत नाही. शेवटी ते म्हणाले, "फादर, पोरानं पैसे मागितलेत. कापसाची पट्टी झाली की पाठवा म्हणतो."

त्यांचा मुलगा हैदराबादेस हायटेक सिटीतील एका कचेरीत संगणकावर काम करतो. आमच्याच मंदिरातील गायकवृंदात तो लहानपणी गिटार शिकला. मुलगा गुणी आहे. बहिणीच्या लग्नातील कर्जाचे हप्ते तोच फेडीत आहे. मग पैसे कशासाठी, असे आम्ही विचारले.

"गिटारीचा आवाज मोठा करायची पेटी असते ना, ॲम्प्लिफायर, ती एक आहे त्याच्यापाशी. आता दुसरी पाहिजे म्हणतो. गिटार एक, वाजविणारा एक, मग पेट्या दोन कशाला? एका गाडीला कुणी दोन जू लावतं का?"

प्रश्न आम्हांस अगदी रास्त वाटला. डिसेंबरच्या आरंभी आम्हांस कामानिमित्त हैदराबादेस जावयाचेच होते. मुलाची समजूत काढण्याचे वचन आम्ही कारभाऱ्यांस देऊन टाकले. आज कबूल करतो, की त्या यंत्राविषयी आम्हांस त्या वेळी काडीचेही ज्ञान नव्हते. उपदेश मात्र तयार होता.

जालन्याहून रात्रीच्या गाडीत बसले म्हणजे सकाळी काचीगुडा स्थानक येते. आमचा मराठवाडा आणि हे शहर १९५६ सालापर्यंत एकाच राज्यात होते. त्यामुळे काचीगुडा आणि सुलतान बाजार या भागांत मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत, आणि तेथे उतरणाऱ्यास परक्या मुलखात आल्यासारखे वाटत नाही. हैदराबादी बोलीत 'नको'ला 'नक्को' म्हणतात. हा शब्द आपलाच. फक्त त्यास थोडा जोर चढला आहे.

मुलगा स्थानकावर आला होता. शनिवार होता, त्याला सुटी होती. तो आम्हांस गोवळकोंड्याचा किल्ला दाखवावयास घेऊन गेला. तेथील प्रवेशद्वाराच्या घुमटाखाली वाजविलेली टाळी वर डोंगरमाथ्यावरील बाला हिसारापर्यंत ऐकू जाते, ही गोष्ट पुष्कळांनी वाचली असेल. आम्ही वर गेलो, तो खाली थांबला. थोड्या वेळाने ती टाळी खरोखरच आमच्या कानी आली. खाली उतरताच आम्ही म्हणालो, "पाहिलेस? सोळाव्या शतकातील गवंड्यांनी एका टाळीला हा डोंगर चढविला. आणि तुला मात्र आवाज मोठा करावयास दोन दोन यंत्रे लागतात!"

तो हसला. "फादर, आवाज मोठा करायला नाही लागत. आज संध्याकाळी कार्यक्रम आहे. मित्राचा ॲम्प्लिफायर एका दिवसापुरता मागून आणलाय. तुम्ही या, बघा, आणि मग रागवा."

सिकंदराबादेतील एका शाळेच्या पटांगणावर नाताळच्या गाण्यांचा तो कार्यक्रम होता. आम्ही दोन तास आधीच जाऊन बसलो. मंचावर सात-आठ फुटांच्या अंतराने दोन पेट्या मांडल्या होत्या. गिटारीची तार पायाशी ठेवलेल्या एका लहानशा लोखंडी डबीत गेली होती, आणि त्या डबीतून दोन तारा दोन पेट्यांकडे गेल्या होत्या. आम्ही विचारले, की आवाज दुप्पट करावयाचा नसेल, तर हा खटाटोप कशासाठी?

त्याने जे सांगितले, ते असे. यंत्राची शक्ती दुप्पट केली तरी आवाज अवघा तीन डेसिबलने वाढतो. कानास तो दुप्पट वाटावा, तर सुमारे दहा डेसिबल हवेत, म्हणजे शक्ती दसपट हवी. तेव्हा एकाचे दोन केल्याने मोठेपणाचा लाभ थोडाच. शिवाय पटांगणाच्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोहोचविण्याचे काम या पेट्यांचे नसतेच. प्रत्येक पेटीपुढे मायक्रोफोन ठेवलेला असतो, आणि तेथून आवाज मंचाच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या कर्ण्यांत जातो.

पूर्वी तसे नव्हते. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये इंग्लंडच्या बीटल्स या चौघांनी ५५,००० हून अधिक श्रोत्यांपुढे गायन केले. त्यांच्यासाठी १०० वॉटचे ॲम्प्लिफायर दिले होते. तरी श्रोत्यांच्या किंकाळ्यांत वादकांस स्वतःचे वाद्यही धड ऐकू येईना. त्याच सुमारास लंडनचे जिम मार्शल पेटीवर पेटी रचून वादकाच्या पाठीमागे भिंत उभी करू लागले. ती शर्यत मोठेपणाची होती. पुढे कर्ण्यांची व्यवस्था सुधारली आणि ती शर्यत बरीचशी निरर्थक झाली.

मग दोन पेट्यांचे कारण काय? तर कामाची वाटणी. एका पेटीचा आवाज स्वच्छ ठेवावयाचा. तीत प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. दुसरीचा आवाज मुद्दाम थोडा फोडावयाचा. त्याने भरदारपणा येतो. एकाच पेटीकडून दोन्ही मागितले, तर ज्या वेळी आवाज फुटतो त्या वेळी सुरांचा लगदा होतो. दोन्ही एकत्र वाजल्या म्हणजे एक अर्थ सांभाळते, दुसरी वजन. शिवाय कार्यक्रमाच्या मध्येच एक बंद पडली, तर दुसरीवर निभावून नेता येते.

दोन आवाज हवेतच एकत्र होऊ देण्याची ही युक्ती जपानच्या रोलँड कारखान्याने १९७५ साली एकाच पेटीत बसविली. जॅझ कोरस १२० असे तिचे नाव. तीत ६० वॉटचे दोन ॲम्प्लिफायर आणि बारा इंची दोन स्पीकर असतात. एक सरळ सूर देतो. दुसरा तोच सूर किंचित मागेपुढे हेलकावत देतो. ऐकणारास वाटते, की एक माणूस वाजवीत नसून अनेक वाजवीत आहेत. आपल्या मंदिरात दोनच माणसे गात असली तरी त्यांच्या आवाजातील बारीकसा फरक गाण्याला जी भरदारपणाची गोडी देतो, तोच हा प्रकार.

आमचा उपदेश आता बराच ढिला पडला होता. इतक्यात त्याने दोन्ही यंत्रे सुरू केली आणि सारा मंच घूंऽऽ असा घुमू लागला. गिटारीला तर त्याने हातही लावला नव्हता.

कारण पुढे कळले. दोन पेट्यांचे प्लग दोन वेगळ्या ठिकाणी लावले होते. दोन्हींची जमिनीकडे जाणारी तार वेगळी, आणि गिटारीच्या तारांच्या वेष्टनातून पेट्या एकमेकींस जोडलेल्या. असा एक वेढा तयार होतो, त्यातून किंचित वीज फिरत राहते, आणि आपल्याकडील विजेच्या ५० आवर्तनांचा तो घुमारा कानी येतो. मुलाला उपायही ठाऊक होता. त्याने खिशातून पक्कड काढली. "एका प्लगची तिसरी पिन काढली, की घूं बंद! सगळे असंच करतात, फादर."

ती पक्कड पाहून आमच्या अंगावर काटा आला. आमच्या पुरोहितपदाच्या तिसऱ्या वर्षी आम्ही एका तेवीस वर्षांच्या तरुणास मूठमाती दिली होती. लग्नाचा मांडव, नुकताच पडून गेलेला पाऊस, अनवाणी पाय, आणि हातात मायक्रोफोन. यंत्राची तिसरी पिन कोणी तरी कधी काळी मोडून टाकली होती. त्याच्या आईने पेटीवर टाकलेली माती आम्ही अद्याप विसरलो नाही. आम्ही उठून काही बोलणार, तोच आवाजाची व्यवस्था पाहणारे एक वयस्क गृहस्थ, ज्यांना सारे 'चाचा' म्हणत, लगबगीने पुढे आले आणि त्यांनी पक्कड काढून घेतली. "नक्को बेटा, उसको हात नक्को लगाओ."

वाचकांनी आपल्या घरचा तीन पिनांचा प्लग पाहावा. एक पिन इतर दोहोंपेक्षा जाड व लांब असते. ती जमिनीची. लांब अशासाठी, की ती सर्वांत आधी जोडली जावी आणि सर्वांत शेवटी सुटावी. यंत्रात बिघाड होऊन त्याच्या पत्र्यात वीज उतरली, तर ती या पिनेवाटे जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. पिन नसेल, तर ती वाट पाहत बसते. गिटारीच्या तारा त्या पत्र्याशी जोडलेल्या असतात. वादकाचा हात तारांवर आणि ओठ मायक्रोफोनला, म्हणजे विजेला जमिनीकडे जावयास माणसाच्या देहातून रस्ता मिळाला. स्कॉटलंडचे गिटारवादक लेस हार्वे मे १९७२ मध्ये स्वान्सी शहरी श्रोत्यांसमोर मायक्रोफोनला हात लावताच असेच गेले. आणि दोन पेट्या बाळगणाऱ्यास घुमाऱ्याचा त्रास अधिक होतो, म्हणून पिन मोडण्याचा मोहही त्यालाच अधिक होतो.

चाचांनी काय केले? दोन्ही प्लग एकाच बोर्डावर आणून लावले. घुमारा बराच उतरला. मग त्या लोखंडी डबीत एका शाखेवर लहानसा ट्रान्सफॉर्मर होता, त्याची कळ फिरविली. त्यातून गिटारीचा सूर पलीकडे जातो, पण तारांचा सरळ जोड तुटतो. घुमारा थांबला. जमिनीची पिन दोन्हीकडे शाबूत राहिली.

तरीही आवाज पोकळ येऊ लागला. खर्जाचे सूर कोठे नाहीसे झाले कळेना. चाचांनी दुसरी कळ दाबली आणि खर्ज परत आला. एका पेटीचा पडदा पुढे येत असता दुसरीचा मागे जात होता. पाळण्याच्या दोन्ही बाजूंस दोघी बसल्या आणि एकाच क्षणी दोघींनी एकमेकींकडे ढकलला, तर पाळणा जागचा हलत नाही, तसेच हे. दोन यंत्रे बाळगणे म्हणजे दोहोंचा मेळ सांभाळणे आले, आणि एका पेटीस न लागणारी दक्षता घेणे आले.

रात्री कार्यक्रम झाला. दोन पेट्यांचा आवाज आम्हांस वाटला होता त्याहून लहानच होता; पण एकेक सूर निराळा कळत होता आणि मागे गाभाऱ्यासारखी भरदार साथ होती. मुलास रागवावयाचे राहूनच गेले. परतीच्या वाटेवर आम्ही एवढेच म्हणालो, की तुझी मागणी उधळपट्टीची नाही, हे आम्ही तुझ्या वडिलांस सांगू. परंतु आज पक्कड तुझ्या हातात होती, हेही सांगू. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फादर, आपल्या मंदिरातला बोर्ड कधी उघडून पाहिलाय?"

नाताळला तो घरी आला, तेव्हा त्याने पहिल्याच दिवशी मंदिरातील बोर्ड उघडला. तिसऱ्या भोकाच्या मागे तारच नव्हती. ज्या मायक्रोफोनपुढे आम्ही इतकी वर्षे उपदेश करीत उभे राहिलो, ज्याला उघड्या पायांची लहान मुले वाचनाच्या वेळी हात लावीत, त्याची वीज जाण्यास वाटच ठेवली नव्हती. दोष कोणाचा? मंदिराची देखभाल आमच्याकडे. तेव्हा दोष आमचा. त्या रात्री आम्हांस नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून परवानाधारक वायरमन बोलावला. मंदिराच्या मागे खड्डा खणला. खणावयास कारभारी स्वतः उतरले. तळाशी धातूची पट्टी, वर कोळसा व मिठाचे थर, आणि उन्हाळ्यात पाणी घालावयास एक नळी. बोर्डावर गळतीचा स्विच बसविला. ३० मिलिअँपिअर वीज वाट चुकली, की तो क्षणार्धात सारे बंद करतो. या खर्चातील मोठा वाटा कारभाऱ्यांनी आपल्या कापसाच्या पैशांतून उचलला. पोराने आपण होऊनच पत्करले होते, की दुसरी पेटी तो पगारातून, पुढे सवडीने घेईल. तोवर लागेल त्या दिवशी भाड्याने आणील.

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला त्याने एकच पेटी लावली. आमचे मंदिर लहान, छप्पर पत्र्याचे; तेथे दुसरीस कामच नव्हते, आणि हे त्याला आमच्यापेक्षा आधी ठाऊक होते. कारभारी पहिल्या रांगेत बसले होते. मिस्सा झाल्यावर बाहेर येऊन ते म्हणाले, "फादर, पुरतो की एकाचा आवाज!"

"इथे पुरतो," आम्ही म्हणालो. "तिकडे दोन लागतात. का ते त्यालाच विचारा. तो चांगले समजावून सांगतो."

त्यांनी टोपी डोक्यावर चढविली आणि पोराची पेटी उचलावयास ते आत गेले. प्लग काढताना तिन्ही पिना त्यांनी बोटाने चाचपून पाहिल्या, हे आम्ही दारातून पाहिले.