आंकड्यांचा उजेड

नवें उपकरण घरांत आलें कीं त्याच्याबरोबर एक नवी भाषाही घरांत येते, आणि ती भाषा बहुधा आंकड्यांची असते. पंखा किती फेऱ्यांचा, मोटार किती ताकदीची, दूरध्वनीच्या पोटांत जागा किती, हें सर्व आंकड्यांत सांगितलें जातें. आणि ऐकणाराही मोठा आंकडा म्हणजे चांगली वस्तु असें धरून चालतो. आंकडा खोटा असतो असें आमचें म्हणणें नाहीं. तो कशाचा आंकडा आहे, एवढें मात्र विचारून घ्यावें लागतें. तीस वर्षांहून अधिक काळ उत्तरपत्रिका तपासण्यांत गेल्यामुळें ही संवय आम्हांस जडली आहे, आणि निवृत्तीनंतरही ती सुटलेली नाहीं.

गेल्या पौषांत आमच्या वाईच्या घरीं असाच एक आंकडा आला. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा पुण्यास नोकरीस असतो. त्यास लहानपणापासून नक्षत्रांचा नाद. आणि तो लावला आमच्या थोरल्या बंधूंनीं, म्हणजे अण्णांनीं. या मुलानें रात्रीच्या आकाशाचीं छायाचित्रें घेण्यासाठीं नवा कॅमेरा आणला. भिंगासह किंमत दोन लाखांच्या घरांत गेली, आणि त्यांपैकीं साठ हजार रुपये वाड्याच्या मागील भिंतीसाठीं ठेवलेल्या सामाईक रकमेंतून उसने घेतलेले. भिंत दोन पावसाळे टेकूंवर उभी आहे. तेव्हां घरांत कुरबुर होणें साहजिकच होतें. अण्णा म्हणाले, "काळोखाचे फोटो काढावयास साठ हजार? काळोख भिंतीपलीकडे फुकट मिळतो." पुतण्या म्हणाला, "अण्णाकाका, दुकानदार सांगत होता, याची संवेदनशीलता दोन लाखांवर जाते. आपल्या गच्चीवरून आकाशगंगा निघेल." दुकानदारानें दहा दिवसांच्या आंत वस्तु परत घेण्याची मुभा ठेविली होती. त्यामुळें अण्णांनीं निवाडा आमच्याकडे सोंपविला. "तूं मास्तर आहेस. याची परीक्षा घे आणि काय तें सांग. नापास झाला तर पैसे भिंतीला."

ज्यांनीं फिल्मचे कॅमेरे वापरले आहेत त्यांस हे आंकडे नवे नाहींत. फिल्मच्या डबीवर १००, २००, ४०० असें छापलेलें असे. आंकडा दुप्पट झाला कीं तेंच चित्र निम्म्या प्रकाशांत निघे. मात्र त्यावर रवा दिसूं लागे. फिल्मचा तो गुण रसायनाचा होता. एकदां गुंडाळी आंत घातली कीं बदलतां येत नसे. आजच्या कॅमेऱ्यांत फिल्मच्या जागीं सिलिकॉनची लहानशी पाटी असते व तीवर सूक्ष्म घरांच्या रांगा असतात. प्रकाशाचा कण आंत पडला कीं त्या घरांत एक विद्युत्कण सुटा होतो. प्रकाशानें विद्युत्कण मोकळे कसे होतात याचा उलगडा आइन्स्टाइन यांनीं १९०५ सालीं केला; आणि अशा पाटीची एक जात बॉइल व स्मिथ या दोघांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं काढली, त्याबद्दल २००९ सालच्या नोबेल पारितोषिकांत त्यांना वांटा मिळाला. प्रत्येक घरांत किती विद्युत्कण जमले तें कॅमेरा मोजतो व त्यावरून चित्र उभें करतो. आतां संवेदनशीलतेचा आंकडा वाढविला म्हणजे काय होतें? घरांत पडणारे कण वाढत नाहींत. जे पडले त्यांची बेरीज कॅमेरा अधिक पटीनें वाढवून दाखवितो, इतकेंच. शंभरास अकरा वेळां दुप्पट केलें कीं २,०४,८०० होतात. दुकानदाराच्या दोन लाखांचा अर्थ एवढाच.

कीर्तनकारांचा आवाज बसला असतां ध्वनिक्षेपकाची कळ पिळली तर आवाज मोठा होतो हें खरें. पण त्याबरोबर पुढच्या रांगेतील खोकलाही मोठा होतो. आमच्या परीक्षेचा प्रश्न म्हणून असा होता कीं, या कॅमेऱ्यांत आवाज किती आणि खोकला किती?

पहिली परीक्षा घरच्या गच्चीवर झाली. कॅमेरा तिपाईवर बसविला, २० मिलिमीटरचें भिंग एफ १.८ इतकें उघडें ठेविलें आणि दहा सेकंदांचें एकेक चित्र घेतलें. संवेदनशीलता १,६०० असतां आकाश तांबटलेलें निघालें. ६,४०० ला तांब्याच्या परातीसारखें. आणि २,०४,८०० ला नुसता पांढरा कागद. यांत कॅमेऱ्याचा दोष कांहींच नव्हता. गांवांतील दिवे आकाशांत जो उजेड फेंकतात तो धुळीवरून व बाष्पावरून परतून येतो, आणि ताऱ्यांचा प्रकाश त्यांत बुडून जातो. पट वाढविला तर दोघांचाही वाढतो. आकाशगंगा गच्चीवरून निघाली नाहीं, आणि कोणत्याही आंकड्यानें निघाली नसती.

म्हणून अमावास्येच्या रात्रीं आम्ही कृष्णेच्या खोऱ्यांत वर, बलकवडी धरणाच्या पलीकडे, जोर गांवाच्या बाजूस गेलों. अण्णाही हट्टानें बरोबर आले. दोन शाली व कानटोपी घालून खुर्चीवर बसले. अंधारास डोळे सरावण्यास वीस-तीस मिनिटें लागतात, म्हणून विजेरीस तांबडा कागद लावला होता. डोळे सरावल्यावर दक्षिणेस डोंगराच्या वर अगस्त्य दिसला, त्याच्या वर व्याध, आणि माथ्याकडे मृग, रोहिणी व कृत्तिका. हिवाळ्यांतील आकाशगंगा उन्हाळ्यांतल्यासारखी ठळक नसते. मृग व मिथुन यांच्यामधून जाणारा तिचा पट्टा फिकट असतो. परीक्षेस हें बरेंच झालें. सोपा प्रश्न सर्वांसच येतो.

भिंगाचा नेम व्याधावर धरून तो पडद्यावर मोठा करून बारीक केला. कळ दाबतांना धक्का बसूं नये म्हणून दोन सेकंद थांबून चित्र घेण्याची योजना केली. नंतर भिंगाचें उघडेंपण आणि दहा सेकंदांचा काळ हीं दोन्ही अढळ ठेवून केवळ संवेदनशीलता बदलली: ८००, १,६००, ३,२००, आणि असें दुपटीनें शेवटपर्यंत. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, हा नियम व्याकरणांत जितका खरा तितकाच प्रयोगांत. प्रत्येक चित्र कॅमेऱ्यानें न सजवितां कच्चें ठेविलें. कारण आंतल्या आंत सफाई करतांना यंत्र कित्येकदां बारीक ताऱ्यांसही डाग समजून पुसून टाकतें. शेवटीं भिंगावर झांकण घालूनही तितकींच चित्रें घेतलीं. झांकण असतां जें दिसेल तें आकाशांतील नव्हे, कॅमेऱ्याच्या पोटांतील. आणि तें वेगळें माहीत असावें. पुतण्याच्या जुन्या कॅमेऱ्यासही हाच प्रश्न घातला. पहाटे दोनच्या सुमारास भिंगावर दंव धरूं लागलें, तेव्हां आटोपतें घेतलें.

दुसऱ्या दिवशीं संगणकावर सर्व चित्रें शेजारीं शेजारीं मांडलीं. ८०० चें काळवंडलेलें चित्र घेऊन तें संगणकावर आठपट उजळलें व ६,४०० च्या चित्राजवळ ठेविलें. नव्या कॅमेऱ्यांत दोहोंच्या रव्यांत फरक जवळ जवळ दिसेना. जुन्याच्या चित्रांत मात्र काळ्या भागांत आडवे पट्टे उमटले. नव्या उपकरणाचा खरा गुण हा, आणि तो खोक्यावर कोठेंही छापलेला नव्हता. जमलेले विद्युत्कण मोजतांना यंत्र स्वतःच्या पदरची भेसळ फार थोडी करतें. त्याचा स्वतःचा खोकला कमी आहे. १२,८०० पर्यंत चित्र चांगलें राहिलें. त्यापुढें मात्र आर्द्रेचा व रोहिणीचा तांबूसपणा लोपून दोन्ही तारे पांढरे ठिपके झाले. कारण पटीनें वाढवितां वाढवितां तेजस्वी ताऱ्यांचीं मापें भरून वाहूं लागतात. ५१,२०० च्या पुढें सर्व आकाशावर रवा पसरला, आणि तारा कोणता व रवा कोणता हें ओळखूं येईना.

हा रवा येतो कोठून, असें अण्णांनीं विचारलें. त्यांस आम्ही वाट्यांचें उदाहरण दिलें. रिमझिम पावसांत अंगणांत शंभर सारख्या वाट्या मांडल्या तर प्रत्येकींत सारखेच थेंब पडत नाहींत. सरासरी नऊ थेंब असतील तर कोठें सहा, कोठें बारा पडतात. म्हणजे फरक तिनाचा, तृतीयांश. सरासरी नऊशें असेल तर फरक साधारण तिसांचा, म्हणजे तिसावा हिस्सा. प्रकाशही असाच थेंबाथेंबानें पडतो, आणि फरक सरासरीच्या वर्गमुळाइतका असतो. तात्पर्य, रव्याचा मोठा भाग यंत्राच्या चुकीचा नसून प्रकाशाच्या तुटवड्याचा आहे. पाऊसच थोडा पडला असेल तर वाटीवर भिंग धरून पाहिल्यानें पाणी वाढत नाहीं.

मग पाऊस वाढवावा कसा? एक उपाय मोठ्या तोंडाच्या भांड्याचा. एफ १.८ च्या भिंगांतून एफ ३.५ च्या मानानें सुमारें पावणेचारपट प्रकाश आंत येतो. भिंगासाठीं दिलेले पैसे म्हणून वायां गेले नाहींत. दुसरा उपाय वेळाचा. अमेरिकेंतील हेन्री ड्रेपर यांनीं १८८० च्या सप्टेंबरांत मृगांतील तेजोमेघाचें पहिलें छायाचित्र घेतलें तेव्हां कांच ५१ मिनिटें उघडी ठेवावी लागली होती. आमच्या दहा सेकंदांच्या चित्रांत तोच तेजोमेघ गुलाबी ठिपक्याएवढा उमटला. तेथून निघालेला प्रकाश सुमारें तेराशें वर्षें प्रवास करून येतो. म्हणजे तो निघाला तेव्हां बदामीस चालुक्यांचें राज्य होतें. इतक्या लांबून आलेल्या पाहुण्यास दहा सेकंद दार उघडें ठेवणें म्हणजे फार नव्हे. पण वेळ वाढवावयासही मर्यादा आहे. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, आणि तिपाई तिच्याबरोबर. वीस सेकंदांच्या चित्रांत मृगाचे तारे मोठे करून पाहतां तांदळाच्या दाण्यासारखे लांबट दिसले, तर उत्तरेकडील ध्रुवाजवळचे तसेच वाटोळे राहिले.

तिसरा उपाय बेरजेचा. दहा दहा सेकंदांचीं सोळा चित्रें घेऊन, तारे एकमेकांवर बसवून, संगणकानें त्यांची सरासरी काढली. तारे प्रत्येक चित्रांत जेथल्या तेथें असतात; रवा प्रत्येक वेळीं वेगळा पडतो. म्हणून सोळा चित्रांनीं रवा चौपट कमी झाला. आकाशगंगेचा जो पट्टा २,०४,८०० च्या आंकड्यानें दिसला नव्हता, तो ३,२०० वर घेतलेल्या सोळा चित्रांच्या बेरजेंत स्वच्छ उमटला. रोज थोडा थोडा अभ्यास करणारा मुलगा आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीं जागणारा मुलगा यांच्यांतला फरक आम्हीं आयुष्यभर पाहिला आहे. यंत्रांतही तो पाहून नवल वाटलें नाहीं, समाधान मात्र वाटलें.

निवाड्यापूर्वीं आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आम्हां भावंडांस कृत्तिकांचे सहा तारे बोटानें मोजून दाखविणाऱ्या अण्णांस आतां तेथें केवळ धुक्याचा एक पुंजका दिसतो. वयाच्या ऐंशीच्या जवळ डोळ्यांची संवेदनशीलता कोणत्याही कळीनें वाढत नाहीं. जोरच्या माळावर पुतण्यानें ६,४०० चें चित्र पडद्यावर मोठें करून त्यांच्यापुढें धरलें. त्यांनीं चष्मा वर करून, पडदा डोळ्यांशीं नेऊन, लहानपणीं आम्हांस मोजून दाखवीत तसेच तारे मोजले. अठरापर्यंत गेले आणि थांबले. "इतके होते होय!" एवढेंच म्हणाले. परत येतांना भिंतीचा विषय निघाला नाहीं.

आमचा निवाडा असा झाला: कॅमेरा उत्तीर्ण, खोक्यावरील आंकडा अनुत्तीर्ण. उपकरण ठेवावें. ३,२०० ते ६,४०० हीं त्याचीं रोजच्या कामाचीं मापें. १२,८०० अडचणीच्या वेळीं. त्यापुढचे आंकडे अगदींच निरुपयोगी नाहींत. अंधारांत चौकट कोठें धरली आहे हें क्षणभर पाहून घेण्यास ते उपयोगी पडतात. साठ हजार रुपये पुतण्यानें दरमहा पांच हजारांप्रमाणें वर्षांत फेडावे, आणि भिंतीचें काम पावसाळ्यापूर्वीं सुरू व्हावें म्हणून आमच्या निवृत्तिवेतनांतून तूर्त भर घालावी. हें सर्वांस मान्य झालें.

राहतां राहिली गच्ची. दोन लाखांच्या यंत्रासही जी आकाशगंगा दिसली नाहीं ती आमच्या आजोबांस त्याच गच्चीवर अंथरुणावर पडल्या पडल्या दिसत असे. नागपूरकडील पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरास २०२४ सालीं अंधाऱ्या आकाशाचें उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली; भारतांतील तें पहिलेंच. अंधारासाठींही आतां राखीव रान लागतें. गांवाचे दिवे आमच्या हातीं नाहींत, आणि ते असूं नयेत असेंही नाहीं. रात्रीं वाटेनें जाणाऱ्यास उजेड पाहिजेच. पण तो वाटेवर पडावा, आकाशांत कशास? वहिनींनीं दुसऱ्याच दिवशीं तांबटाकडून पत्र्याची एक टोपी करून आणविली व अंगणांतील दिव्यावर बसविली. तुळशीपाशीं उजेड पूर्वींपेक्षां अधिक पडतो, आणि गच्चीवरून कृत्तिकांचा पुंजका थोडा स्पष्ट झाला आहे. टोपीस खर्च एकशें वीस रुपये आला.