शनिवार-रविवारचा युरोप आणि वाटेतले कौंडण्यपूर

आमच्यापैकी एकाचे घर अमरावतीला आणि एकीचे माहेर आर्वीला. मधे वर्धा नदी. नदीच्या अलीकडच्या काठावर कौंडण्यपूर, तिवसा तालुक्यातले गाव. पूल ओलांडला की वर्धा जिल्हा सुरू होतो. ईदला, लग्नकार्याला, कुणाच्या दुखण्याखुपण्याला आम्ही हा पूल कितीदा ओलांडला याची मोजदाद नाही. एसटीच्या खिडकीतून नदीचे पात्र दिसायचे, टेकडी दिसायची आणि मागे जायची. आर्वीचे अब्बा दर वेळी विचारायचे, "मग, या खेपेला तरी उतरले का कौंडण्यपूरला? माझा दोस्त आहे तिथे. नुसते नाव सांगा, जेवल्याशिवाय सोडणार नाही." आम्ही म्हणायचो, "पुढच्या वेळी, अब्बा." कौंडण्यपूर कुठे पळून जात नव्हते.

मग नोकरीमुळे दोन वर्षे जर्मनीत, मानहाइम शहरात राहण्याचा योग आला. तिथे रविवारी दुकाने बंद, रस्ते सुनसान. पहिले काही रविवार घरात बसून अमरावतीच्या इतवारा बाजाराची आठवण काढण्यात गेले. त्यानंतर 2023 च्या मे महिन्यात तिथे 49 युरोचे मासिक तिकीट सुरू झाले. त्या तिकिटावर देशभरच्या लोकल गाड्या आणि बस चालायच्या. वेगवान गाड्या नाहीत, पण आम्हाला घाई कुठे होती? शनिवारी फजर पढून निघायचे आणि रविवारी रात्री परतायचे, असा नेम पडला.

नव्याने परदेशी गेलेल्या भावा-बहिणींना उपयोग व्हावा म्हणून आमची तयारी सांगतो. पाठीवरच्या पिशवीत पातळ जानमाज, वुजूसाठी पाण्याची जास्तीची बाटली, खजूर, आणि घरून आणलेला ठेचा. भाकरीची तहान तुर्की दुकानातल्या पावावर भागवायची. हलाल जेवण बहुतेक मोठ्या गावांत स्टेशनाजवळच्या तुर्की किंवा अरब खानावळीत मिळायचे. नाही मिळाले तर मासे, बटाटे, फळे. कुठल्या सफरीत कस्र करायची हे आधीच आलिमांना विचारून घेतले होते. नमाजसाठी स्टेशनाचा एखादा कोपरा, बागेतले झाड पुरायचे. किबला मात्र आपल्याकडच्यासारखा पश्चिमेला नाही. जर्मनीतून तो आग्नेयेकडे येतो. पहिल्या दिवशी सवयीने मावळतीकडे तोंड करून उभे राहिलो आणि मग आपलेच आपल्याला हसू आले.

मानहाइमची मोठी मशीद 1995 साली उघडली. सुलतान सलीम यांच्या नावाची ही मशीद एका कॅथलिक चर्चच्या समोरच आहे. जुम्याला तिथे तुर्क, अरब, बोस्नियन, आफ्रिकी आणि आमच्यासारखे दोन-चार हिंदुस्थानी एका सफेत उभे राहायचे. खुतब्याची भाषा कळली नाही तरी सलाम कळायचा.

पहिली सफर जवळची, हायडेलबर्गची. नेकर नदीच्या काठावर टेकडीवरचा पडका किल्ला आणि खाली जुने विद्यापीठ. अल्लामा इक्बाल 1907 साली या गावात जर्मन शिकण्यासाठी राहिले होते. नदीकाठच्या एका रस्त्याला त्यांचे नाव दिलेले आहे. या नेकरकाठच्या संध्याकाळवर त्यांनी एक नज्मही लिहिली. आम्ही त्या काठावर बसून चहा प्यायलो. नदी शांत होती, झाडे पाण्यावर वाकलेली होती. आमच्यापैकी एकीच्या तोंडून निघाले, "वर्धेसारखीच आहे ना?" तशी काही नव्हती, पण परदेशात माहेरची नदी कुठल्याही पाण्यात दिसते.

दुसरी सफर उत्तर फ्रान्सची. पॅरिस आणि आयफेल टॉवर सगळेच पाहतात, आम्हीही पाहिले. पण आम्हाला जायचे होते लील शहराजवळच्या नव्ह-शापेल या खेड्यात. पहिल्या महायुद्धात, 10 ते 13 मार्च 1915 या दिवसांत इथे मोठी लढाई झाली. हल्ला करणाऱ्यांत हिंदुस्थानी फौजेचा वाटा मोठा होता. पंजाबी, पठाण, शीख, गढवाली, गुरखा. ज्यांनी कधी बर्फाळ चिखल पाहिला नव्हता ते त्या चिखलात लढले. 1927 साली इथे स्मारक उभे राहिले. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये पडलेल्या आणि ज्यांची कबरही सापडली नाही अशा 4,700 हून अधिक हिंदुस्थानी सैनिकांची नावे गोल भिंतीवर कोरलेली आहेत. मधे उंच स्तंभ, आपल्या अशोकस्तंभांची आठवण देणारा, पायथ्याशी दोन दगडी वाघ. स्तंभावर ईश्वर एक आहे आणि विजय त्याचाच, अशा अर्थाचे शब्द इंग्रजी, अरबी, हिंदी आणि गुरुमुखीत आहेत.

आम्ही भिंतीवरून बोट फिरवत नावे वाचत गेलो. खान, शाह, अली, सिंग, राम. आजूबाजूला बटाट्याची शेते, वारा, आणि माणूस एकही नाही. फातिहा पढली. यांतल्या कित्येकांच्या घरी आईवडिलांनी वाट पाहिली असेल आणि कुणी येऊन सांगितलेही नसेल की तुमचा मुलगा कुठल्या मातीत आहे. परतीच्या गाडीत आम्ही बराच वेळ बोललो नाही. त्या रात्री दोन्ही घरी फोन केला. अब्बांनी सगळे नीट ऐकून घेतले आणि म्हणाले, "चांगले केले. परक्या मुलखात आपल्या माणसाची कबर पाहिली की सलाम करावा." आणि मग, नेहमीप्रमाणे, "आता इकडे आलात की कौंडण्यपूर."

तिसरी सफर स्पेनची. जोडून सुटी आली होती. फ्रँकफर्टहून विमानाने मालागा आणि तिथून रेल्वेने कॉर्दोबा. उर्दूत ज्याला कुर्तुबा म्हणतात तेच हे गाव. दहाव्या शतकात हे युरोपातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक होते. पहिल्या अब्दुर्रहमानने इ. स. 785 च्या सुमारास जामा मशिदीचे काम सुरू केले आणि पुढे दोनशे वर्षे ती वाढत गेली. आत पाऊल टाकले की खांबच खांब, साडेआठशेहून अधिक, आणि त्यांवर लाल-पांढऱ्या दुहेरी कमानी. कुठूनही पाहा, ओळ संपत नाही. दुसऱ्या हकमच्या काळातला मिहराब सोनेरी काचतुकड्यांच्या नक्षीने झळकतो. त्या कामासाठी बायझंटाईन कारागिराची मदत घेतली होती. म्हणजे मुसलमानांच्या मिहराबाला ख्रिस्ती माणसाचा हात लागलेला.

1236 साली हे शहर कास्तीलच्या राजाकडे गेले आणि मशिदीचे चर्च झाले. सोळाव्या शतकात खांबांच्या ऐन मधोमध कॅथेड्रल उभारले गेले. आज ते चालते चर्च आहे. मुसलमानांना आत नमाज पढण्याची परवानगी नाही. आम्ही नियम मोडला नाही. मिहराबासमोरच्या जाळीशी हात खाली सोडून उभे राहिलो आणि मनातल्या मनात दुरूद पढलो. मनात काय काय आले ते सगळे लिहिण्यासारखे नाही. राग आला, हेवा वाटला, रडू आले. इक्बाल 1933 साली इथे आले होते आणि त्यांनी या मशिदीवर आपली प्रसिद्ध नज्म लिहिली, तीही आठवली.

बाहेर आलो तेव्हा फोनवर घरचे सहा-सात कॉल दिसले. अब्बांचा इंतकाल झाला होता. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

दुसऱ्या दिवशी ग्रॅनाडाला जायचे होते, अल्हम्ब्रा पाहायचा होता. तिकिटे खिशात होती. ती तशीच राहिली. मिळेल त्या मार्गाने निघालो तरी जनाजा गाठता येणार नव्हता. आर्वीत दुसऱ्या दिवशी सकाळीच दफन होणार होते. गाडीला वेळ होता. मशिदीपासून थोड्या अंतरावर जुना रोमन पूल आहे, खालून ग्वादलक्विवीर वाहते. हे नाव अरबीतल्या 'अल-वादी अल-कबीर'वरून आले, म्हणजे मोठी नदी. त्या काठावर जानमाज अंथरून आम्ही मगरिब पढलो आणि अब्बांसाठी दुआ मागितली. येणारेजाणारे पाहत होते. एक म्हातारी थांबली, आमच्यापैकी एकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि काही न बोलता पुढे गेली. तिने स्पॅनिशमध्ये काही विचारले असते तरी आम्हाला सांगता आले नसते.

त्यानंतरही काही शनिवार-रविवार आले, पण आम्ही फारसे फिरलो नाही.

गेल्या हिवाळ्यात परत आलो. आर्वीच्या कब्रस्तानात जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी अम्मींना घेऊन कौंडण्यपूरला उतरलो. अब्बांच्या दोस्ताचे घर शोधायला वेळ लागला नाही. काका आता थकले आहेत. त्यांनी अम्मींना पाहिले आणि कपाळाला हात लावला. मग आम्हाला म्हणाले, "दोन साल झाले, आमी वाट पायतो. मास्तर म्हने, पोरगी-जवाई येईन. आले न तुमी. बसा."

नातवाला बरोबर देऊन त्यांनी आम्हाला गाव दाखवले. कौंडण्यपूर म्हणजे जुन्या विदर्भाची राजधानी कुंडिनपूर, असे मानले जाते. रुक्मिणीचे माहेर हेच, दमयंतीचेही. विठ्ठल-रुक्मिणीचे मंदिर आहे, टेकडीवर अंबिकेचे. इथून रुक्मिणीची पालखी आषाढीला पायी पंढरपूरला जाते आणि ही परंपरा चारशे वर्षांहून जुनी मानतात. कार्तिकात यात्रा भरते. काकांच्या नातवाने सांगितले, "पालखी म्हंजे कसं, रुक्माई माहेराहून सासरी जाते." आमच्यापैकी एकीला हे नव्याने समजावून सांगायची गरज नव्हती.

1962 ते 64 च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ मो. गं. दीक्षित यांनी इथे उत्खनन केले. मातीच्या थराखाली थर, जुनी भांडी, मणी. राजवाड्यांचे आज काही उभे नाही. टेकाडावर चालताना पायाखाली खापराचे तुकडे कुरकुरतात. कुणाच्या तरी चुलीवरचे मडके असेल, कुणाच्या तरी पाण्याचा घडा. कुर्तुबाचे खांब निदान उभे आहेत. इथे फक्त माती आणि नदी. नव्ह-शापेलच्या स्तंभावरचे शब्द आठवले, विजय कुणाचा याबद्दलचे. राजधान्या येतात आणि जातात. पृथ्वीवर फिरा आणि आधीच्यांचे काय झाले ते पाहा, ही कुरआनची शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकली होती. तिच्यासाठी विमानाचे तिकीट लागतेच असे नाही, हे कळायला मात्र आम्हाला दोन वर्षे आणि एक माणूस गमवावा लागला.

परतलो तेव्हा असरची वेळ झाली होती. अम्मी अंगणात इकडेतिकडे पाहत होत्या. काकांच्या सुनेच्या लक्षात आले. तिने ओसरी झाडली, धुतलेली सतरंजी आणून अंथरली आणि पाण्याची बादली ठेवली. पोरांना म्हणाली, "गलका नका करू रे, आजी नमाज पढते." काका खाटेवर सरळ होऊन बसले आणि गप्प राहिले. इथे किबला शोधायला मोबाईल काढावा लागला नाही. ऊन ज्या अंगाला कलले होते तिकडेच उभे राहायचे होते. नदी आमच्या पाठीशी होती.

नमाजनंतर काकांनी विचारले, "तिकडं लई देश पायले म्हने. मास्तर समदं सांगे फोन आला का. तो वाघाचा खांब, ते हजार खांबाचं देऊळ." मशीद, असे आम्ही दुरुस्त केले नाही. अब्बा आमची प्रत्येक सफर नदी ओलांडून इथे येऊन सांगत होते, हे तेव्हा कळले. आमचा युरोप कौंडण्यपूरने आमच्याआधीच पाहिला होता. कौंडण्यपूर पाहायचे राहिलो होतो ते आम्हीच.

निघताना काकांनी पिशवीभर संत्री दिली. अम्मी म्हणाल्या, "अब्बा असते तर निम्मी वाटेतच संपवली असती." सगळे हसले. अम्मींनी मग तोंडावर पदर घेतला.

आता आम्ही अमरावतीतच आहोत आणि शनिवार-रविवारचा नेम पुन्हा सुरू केला आहे. अचलपूरला जाऊन इमादशाहीच्या जुन्या राजधानीत फिरलो, गाविलगड चढलो, बाळापूरचा किल्ला पाहिला. बरोबर कधी अम्मी असतात, कधी अमरावतीचे अब्बा. पिशवी तीच आहे, जानमाज तीच. ठेचा मात्र आता ताजा असतो. वाचक बंधू-भगिनींना एवढीच विनंती, की घरातले म्हातारे माणूस एखाद्या जागेचे नाव वारंवार घेत असेल तर ती जागा दूर आहे की जवळ ते पाहू नका. त्यांना सोबत घ्या आणि येत्या रविवारीच जा.